तिसरा गिअर

— एस. वाय. बी. ए.ची एक विद्यार्थिनी

दिवाळीच्या सुट्टीत काय केले, असे सरांनी वर्गात विचारले तेव्हा मी "घरीच होते" एवढेच सांगितले. खरे तर सुट्टीतले चार दिवस मी जीपखाली उताणी पडून काढले होते. ते सांगायचे धैर्य तेव्हा झाले नाही. आज या पानावर सांगते.

आमचे आबा पाटण ते कराड वडाप करतात. जीप जुनी, डिझेलची. घरातले तेल-मीठ, आजीचे औषध आणि माझी फी, सारे त्या चार चाकांवर चालते. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'ट्रान्सपोर्ट' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते.

ऑक्टोबरात जीपचा तिसरा गिअर सुटू लागला. आबा एका हाताने दांडी दाबून धरून गाडी चालवीत. एके दिवशी माणसे भरलेली असतानाच आतून करकर झाली आणि जीप ओढून आणावी लागली. गिअरबॉक्समधले तेल काढले, तर त्यात पोलादाचा कीस चमकत होता. मिस्त्रींनी दुरुस्तीचा आकडा सांगितला. आबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

भंगारात निघालेल्या तसल्याच जीपचा गिअरबॉक्स नऊ हजारांत मिळत होता. घरात नऊ हजार होते. पण ते माझ्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेले. आबा म्हणाले, "पैसं तुझं हायती. तूच सांग." मी "घ्या" म्हटले. म्हणताना गळा दाटला, आणि रागही आला. कुणाचा, ते कळले नाही.

भंगारवाल्याकडे आबांनी मलाही नेले. पुढच्या शाफ्टवरच्या खाचा मी मोजल्या. दहा. आमच्याही दहाच. लांबी सुतळीने मापली. आबांनी एकेक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवला, कान लावला, तेलात बोट बुडवून उन्हात धरले. "जीव हाय ह्यात," म्हणाले.

अंगणात चाकांना दगड लावले. बॅटरीची वायर सोडली, प्रोपेलर शाफ्ट उतरवला, इंजिन मागे कलू नये म्हणून खाली लाकडी ठोकळा दिला. कुठला बोल्ट कुठून निघाला, हे मी इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होते. जुना गिअरबॉक्स फळीवर उतरवायला आबा आणि शेजारचे काका, दोघे लागले.

नवा, म्हणजे जुनाच, चढवताना मात्र घोडे अडले. जॅकवर उचलला, शाफ्ट क्लचप्लेटपर्यंत गेला आणि बोटभर फट राहिली. वरच्या बोल्टापर्यंत माझाच हात पोहोचत होता. मी पाना लावला आणि रागारागाने आवळू लागले.

"थांब!" आबा ओरडले. "ओढू नगंस. प्लेट वाकंल, न्हाईतर कान तुटंल. बसत न्हाई म्हंजे खाच खाचंला मिळाली न्हाई."

त्यांनी गिअर टाकला आणि मागचा शाफ्ट किंचित फिरवला. टक् असा आवाज झाला आणि फट मिटली. मग बोल्ट मी बोटांनीच फिरवले. पाना शेवटी लागला.

त्या रात्री राखेने हात घासताना वाटले, कॉलेजात दीड वर्ष मी बोल्टच आवळीत आले. दुसऱ्यांसारखे बोलायचे, दुसऱ्यांसारखे हसायचे, 'ट्रान्सपोर्ट' लिहायचे... आणि फट तशीच!

पुढे एकदा ग्रंथालयात वाचले, की १९४० सालच्या ऑल्डस्मोबिल मोटारींत आपोआप गिअर बदलणारी 'हायड्रा-मॅटिक' यंत्रणा आली होती. आबांना सांगितले. ते म्हणाले, "आसंल. पर बिघडली तर कान कुठं लावायचा?"

जीप पुन्हा धावते आहे. तिसऱ्या गिअरला निराळा आवाज येतो. आबा म्हणतात, परक्या घरून आलाय, रुळंल. नऊ हजार अजून साठलेले नाहीत. तोवर सकाळच्या पहिल्या खेपेला मी त्यांच्याशेजारी बसून येते. पूर्वी कॉलेजच्या अलीकडच्या वळणावर उतरत असे. आता फाटकापाशीच उतरते.