पडद्यावरील परीक्षा

गेल्या वर्षीं जून महिन्यांत आमच्या शाळेच्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. हे गृहस्थ बाजारांत हमालीचें काम करतात; त्यांची कन्या त्या वेळीं इयत्ता सातवींत होती. आम्ही मोठ्या उत्साहानें सभेस सांगत होतों कीं, बारावीनंतरच्या महत्त्वाच्या प्रवेशपरीक्षा आतां संगणकावर होतात, तेव्हां पालकांनीं आतांपासूनच मुलांची तयारी करून घ्यावी. आमचें बोलणें संपतांच ते मागच्या बाकावरून उठले व म्हणाले, "सर, आमच्या घरीं संगणक नाहीं, आणि तो येईल असेंही दिसत नाहीं. मग आमच्या पोरीनें अभ्यास करूनही मागेंच राहावयाचें कीं काय?"

आम्हीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर दिलें. हुशार मुलाचें कोठेंही अडत नाहीं, अशा अर्थाचें एक वाक्य आमच्या तोंडून गेलें, सभेनें माना डोलावल्या, आणि ते गृहस्थ खालीं बसले. परंतु घरीं परततांना आमचें मन आम्हांस खाऊं लागलें. हुशार मुलाचें कोठेंही अडत नाहीं हें खरें नव्हे, हें आम्हांस स्वानुभवानें ठाऊक होतें. त्यांच्या प्रश्नाचें खरें उत्तर देण्याचा हा उशिराचा प्रयत्न होय.

प्रथम आमचाच अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, वयाची चाळिशी उलटल्यावर, अध्यापकांसाठीं असलेल्या एका परीक्षेस बसण्याचा योग आम्हांस आला. ती परीक्षा संगणकावर होती. शिकविण्याचा अनुभव गांठीशीं होता, विषय तर नित्याचेच. म्हणून आम्ही निर्धास्त होतों. आजूबाजूस आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचीं मुलेंमुली बसलीं होतीं. पडद्याच्या कोपऱ्यांत उरलेला वेळ क्षणाक्षणानें कमी होत होता, आणि माऊस धरलेला आमचा हात उगाच थरथरत होता. इतक्यांत एक उतारा व त्यावरील पांच प्रश्न पुढें आले. उतारा लहानसा दिसला. आम्हीं तो वाचला व उत्तरें देऊं लागलों; पण दोन प्रश्नांचा त्या उताऱ्याशीं मेळच बसेना. प्रश्न काढणाऱ्याची कांहीं चूक झाली असावी, असें आम्हीं मनांत म्हटलें. बाहेर आल्यावर एका तरुण उमेदवारानें सांगितलें कीं, उतारा आम्हांस दिसला त्याच्या दुप्पट होता. बाजूची पट्टी खालीं ओढली असती तर उरलेला भागही दिसला असता. मुलांना वाचन शिकविणाऱ्या मास्तरानें अर्धाच उतारा वाचून उत्तरें दिलीं होतीं! ही गोष्ट आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती.

आतां ह्या परीक्षांचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. शाळेच्या सहामाही व वार्षिक परीक्षा, तसेंच दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा कागदावरच होतात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत उत्तरपत्रिकेवरील वर्तुळें काळीं करावयाचीं असतात. परंतु बारावीनंतर वाट बदलते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं देशभर घेतली जाणारी जेईई मेन ही परीक्षा जानेवारी २०१९ पासून संगणकावरच होते. आपल्या राज्याची एमएचटी-सीईटीही २०१९ सालापासून संगणकावर होऊं लागली. म्हणजे सातवींतील मुलास ह्या परीक्षांपूर्वीं पांच वर्षांचा अवकाश असतो. तेवढ्या काळांत पुष्कळ कांहीं साधतें. पण 'बारावींत गेल्यावर पाहूं' असें म्हणून तो काळ दवडणारीं घरेंही आम्हीं पाहिलीं आहेत.

पालकसभेनंतर दीड महिन्यानें आम्हीं सातवीच्या वर्गाची संगणकाच्या खोलींत एक चांचणी घेतली. चालूं स्थितींतील यंत्रें अठराच असल्यामुळें वर्गाचे तीन गट करावे लागले. गणिताचे २५ प्रश्न, प्रत्येकास एक गुण, वेळ ४० मिनिटें. पडद्याची मांडणी मोठ्या परीक्षांसारखीच ठेविली होती. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांची कन्या वर्गांत गणितांत पहिल्या तिघांत असे. निकाल आला तेव्हां तिच्या नांवापुढें चार गुण होते. आम्हीं तिला बोलाविलें. ती रडली नाहीं, कच्च्या कामाचा कागद पुढें करून एवढेंच म्हणाली, "सर, उत्तरें तर मीं काढलीं होतीं."

आम्हीं त्या कागदावरून एकेक उदाहरण तपासलें. २५ पैकीं २२ उत्तरें बरोबर होतीं. मग घडलें काय? ह्या परीक्षांत पडद्याच्या एका बाजूस सर्व प्रश्नांचे क्रमांक चौकोनांत मांडलेले असतात. उत्तर निवडून 'जतन करा व पुढें जा' ह्या अर्थाचें बटण दाबलें म्हणजे त्या उत्तराची नोंद होते. परंतु तें बटण न दाबतां एकदम दुसऱ्या क्रमांकावर क्लिक केलें, तर पुढचा प्रश्न उघडतो खरा, पण मागच्या उत्तराची नोंद होत नाहीं. मुलीनें पहिल्या चार प्रश्नांना बटण दाबलें होतें. पुढें वेळ वांचविण्यासाठीं ती क्रमांकांवरूनच धांवत गेली. यंत्राच्या हिशेबीं तिनें चारच प्रश्न सोडविले होते. सूचनांत हें सारें लिहिलेलें होतें. पण सूचना इंग्रजींत होत्या, आणि आम्हीं त्या मराठींत समजावून सांगितल्या नव्हत्या. चूक तिची थोडी व आमची अधिक होती. अर्धा उतारा वाचणाऱ्या मास्तरास तरी हें आधींच सुचावयास हवें होतें.

चार आणि बावीस ह्या दोन आंकड्यांमधील अंतर केवळ संवयीचें होतें. तें गणिताच्या ज्ञानाचें नव्हतें. हें अंतर मिटविणें फार खर्चाचें काम नाहीं, असें आतां आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

विद्यार्थीमित्रांनो, यंत्रासमोर बसल्यावर पहिल्यानें सूचना शेवटपर्यंत वाचा. क्रमांकांच्या चौकोनांचे रंग ओळखण्यास शिका. हिरवा म्हणजे उत्तराची नोंद झाली. लाल म्हणजे प्रश्न पाहिला पण उत्तर दिलें नाहीं. जांभळा म्हणजे पुन्हां पाहण्यासाठीं राखून ठेवला, पण उत्तर नाहीं. आणि जांभळ्यावर हिरवी खूण म्हणजे उत्तरही दिलें व पुन्हां पाहण्यासाठींही ठेविलें. शेवटच्या पांच मिनिटांत लाल व जांभळे चौकोन शोधून काढावे. उतारा किंवा आकृति आली कीं बाजूची पट्टी ओढून खालीं कांहीं दडलें आहे काय तें पाहावें. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जातात कीं नाहीं, हेंही आधींच ठाऊक असावें. जेईई मेनमध्यें बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास एक गुण कमी होतो. एमएचटी-सीईटींत असे गुण कापले जात नाहींत. म्हणून पहिल्या परीक्षेंत निव्वळ अंदाजानें उत्तर देणें तोट्याचें ठरूं शकतें, तर दुसरींत एकही प्रश्न कोरा सोडणें शहाणपणाचें नव्हे.

ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. पडद्यावरील परीक्षेंतील अर्धी अडचण यंत्राची नसतेच. प्रश्न समोर उभा असतो, त्यावर खुणा करतां येत नाहींत, आकृतींत रेघ ओढतां येत नाहीं, आणि सारें कच्चें काम खालीं निराळ्या कागदावर करावें लागतें. ह्याचा अभ्यास घरीं होऊं शकतो. पुस्तक भिंतीशीं उभें ठेवावें, त्यावर पेन्सिल टेंकवूं नये, घड्याळ समोर ठेवून वीस प्रश्न सोडवावे, आणि प्रत्येक उदाहरणास कागदावर क्रमांक घालावा. आईनें किंवा वडिलांनीं जवळ बसून वेळ सांगावी. त्यासाठीं त्यांस गणित आलें पाहिजे असें नाहीं. मोबाईलवर अंगठा चपळाईनें चालतो म्हणून मुलगा संगणकांत तरबेज झाला, अशी मात्र समजूत करून घेऊं नये. माऊस हें निराळें साधन आहे व त्यास निराळा सराव लागतो.

आतां पालकांना विशेष गोंधळविणाऱ्या एका शब्दाविषयीं. तो शब्द 'पर्सेंटाइल'. उमेदवार पुष्कळ असल्यामुळें एकाच परीक्षेचीं सत्रें अनेक दिवस चालतात, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. एक सोपी, दुसरी कठीण, असें व्हावयाचेंच. म्हणून नुसत्या गुणांची तुलना न करतां, त्या सत्रांत बसलेल्या मुलांमध्यें आपल्या मुलाचें स्थान कोठें लागलें तें पाहतात. ९० पर्सेंटाइल मिळालें म्हणजे त्या सत्रांतील दर शंभरांतील नव्वद जणांना त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले. शंभरांपैकीं नव्वद गुण मिळाले, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्यास १०० पर्सेंटाइल मिळालें त्यास पैकींच्या पैकीं गुण मिळाले असेंही समजूं नये. त्या सत्रांत त्याच्याहून अधिक गुण कोणास मिळाले नाहींत, एवढेंच त्यावरून ठरतें. हा आंकडा मुलाचें एका दिवशींचें स्थान सांगतो. त्यावरून मुलास डोक्यावर घेणें किंवा चार लोकांत त्याचा पाणउतारा करणें, हीं दोन्हीं अज्ञानाचीं कामें होत.

अशी माहिती नसल्यामुळें होणारा घोंटाळा आपल्याच देशापुरता नाहीं. आमची एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत राहते. तिचा मुलगा तेथील सरकारी शाळेंत सहावींत आहे. त्या राज्यांत तिसरी ते आठवी व अकरावी ह्या इयत्तांची भाषेची व गणिताची परीक्षा २०१५ सालापासून संगणकावर होते. तिला वेळेचें बंधन नसतें. परंतु यंत्र मुलाचीं उत्तरें पाहून पुढचा प्रश्न निवडतें. उत्तरें बरोबर येत गेलीं कीं प्रश्न कठीण होत जातात, चुकूं लागलीं कीं सोपे होतात. मुलगा घरीं आला तो तोंड उतरवून. "पुढचे पुढचे प्रश्न मला येतच नव्हते," असें तो म्हणाला, आणि आईनें अभ्यास न केल्याबद्दल त्याला चांगलेंच फैलावर घेतलें. दोन दिवसांनीं शाळेकडून आलेलें माहितीपत्रक तिनें वाचलें, तेव्हां कळलें कीं, प्रश्न कठीण होत जाणें हेंच मूल चांगलें करीत असल्याचें लक्षण असूं शकतें. तिनें आम्हांस लिहिलें, "सर, परीक्षा त्याची होती, पण तिची माहिती मीं करून घ्यावयास हवी होती." आपल्याकडील वर सांगितलेल्या परीक्षांत यंत्र असे प्रश्न निवडीत नाहीं; सर्व प्रश्न आधींच ठरलेले असतात. तथापि त्या मातेचें वाक्य आपणां सर्वांस लागूं पडतें.

असो. आमच्या चांचणीनंतर मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें आम्ही दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास संगणकाची खोली उघडी ठेवूं लागलों. परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्या संकेतस्थळावर सरावाच्या चांचण्या विनामूल्य ठेवितात. त्या पाहून आम्हीं सातवीच्या अभ्यासाचे प्रश्न तशाच मांडणींत तयार केले. लहान भावंडें सांभाळावीं लागतात म्हणून तीन मुलांना शनिवारीं थांबतां येत नसे. त्यांच्यासाठीं आठवड्यांतून दोनदां मधल्या सुटींत खोली उघडली. जानेवारींत पुन्हां चांचणी घेतली. त्या मुलीस ह्या वेळीं २१ गुण मिळाले. आम्हीं तिचा कच्च्या कामाचा कागद मागून घेतला व तपासला. त्यावरही बरोबर उत्तरें एकवीसच होतीं. जें तिला येत होतें तेंच यंत्रानें मोजलें, आणि जीं चार उदाहरणें चुकलीं तीं खरोखरीच चुकलीं होतीं. तीं आम्हीं तिला पुन्हां शिकविलीं.

एका शनिवारीं तिचे वडील तिला नेण्यास आले व खोलीच्या दारांत उभे राहिले. आम्ही त्यांच्याजवळ गेलों व म्हणालों, "जूनमध्यें आपण विचारलें होतें, त्याचें उत्तर आम्हीं नीट दिलें नव्हतें. घरीं संगणक नसला तर हुशार मूलही मागें पडूं शकतें. पण शाळेनें ही खोली उघडी ठेविली, तर पडण्याचें कारण नाहीं."

ते क्षणभर आंत पाहत राहिले, व म्हणाले, "मग खोली उघडी ठेवा, सर."

खोली शनिवारीं उघडी असते. पांचवी ते आठवीच्या मुलांनीं यावें, आणि ज्या पालकांना माऊस हातांत धरून पाहावयाचा असेल त्यांनींही निःसंकोच यावें. आमची उताऱ्याची गोष्ट त्यांस ठाऊक झालीच आहे. तेव्हां आमच्यापुढें कोणास लाजण्याचें कारण नाहीं.