लाकडाची बैठक

पाटाला खळगा नसतो, आणि त्याची गरजहि नसते. मांडी घालून बसलेल्या माणसाचा भार मांड्या, नडग्या आणि घोटे यांवर वांटला जातो. शिवाय बसणारा मधून मधून मांडी बदलतो. खुर्चीवर मात्र पाय खालीं सुटतात आणि बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. सपाट फळीच्या खुर्चीवर माणूस अर्ध्या तासांत चुळबुळूं लागतो, त्याचें कारण हीं दोन हाडें. गादी हा त्यावर सोपा उपाय खरा. पण इंग्लंडांतील सुतारांनीं फार पूर्वीं दुसराच उपाय काढला. तो म्हणजे फळीच कोरून तिला बसण्याजोगा उतार द्यावयाचा. गेल्या वर्षीं तो मीं स्वतःच्या हातांनीं करून पाहिला, त्याची ही हकीकत.

आम्ही बकिंगहॅमशायरमध्यें, हाय विकम या गांवाजवळ राहतों. हें गांव खुर्च्यांचें. १८७५ च्या सुमारास येथें दिवसाला ४७०० खुर्च्या होत, असा अंदाज पुस्तकांतून दिलेला असतो. येथल्या फुटबॉल संघाला लोक अजून ‘चेअरबॉईज’, म्हणजे खुर्चीवालीं पोरें, म्हणतात. या गांवाची खरी ओळख ‘विंडसर’ खुर्चीची. साध्या लाकडी खुर्चीचे मागचे दोन पायच वर वाढून तिची पाठ होते. विंडसरमध्यें पाय खालून येऊन बैठकीच्या फळींत संपतात, आणि पाठीच्या काड्या वरून येऊन त्याच फळींत रोवल्या जातात. फळी काढली कीं नुसतीं लाकडें उरतात.

पूर्वीं हें काम वांटलेलें असे. ‘बॉजर’ लोक चिल्टर्न टेकड्यांवरील बीचच्या रानांतच ओल्या लाकडाचे पाय कातीत. गांवांतला ‘बॉटमर’ फक्त फळ्या कोरी. आणि ‘फ्रेमर’ सारें जुळवून खुर्ची उभी करी. नांव ऐकून हसूं येतें, पण बॉटमरचें काम हंसण्यासारखें नव्हतें. तो फळीवर उभा राही, पावलांनीं ती दाबून धरी आणि आपल्याच दोन पावलांच्या मधोमध वाकस चालवी. दुसऱ्यांच्या बसण्याची सोय करणारा हा माणूस दिवसभर उभ्यानें वांकलेला असे.

हें सारें मीं शिकावयास घेतलें तें सासूबाईंसाठीं. त्या ब्याऐंशी वर्षांच्या. उंची चार फूट नऊ इंच. पुण्याचें बिऱ्हाड आवरून त्या आमच्याकडे आल्या त्या गुडघेदुखी घेऊनच. डॉक्टरांनीं जमिनीवर बसण्याची मनाई केली आणि बरोबर आणलेला सागवानी पाट कपाटामागें उभा राहिला. येथल्या खुर्च्यांची बैठक सतरा-अठरा इंच उंच. तिच्यावर सासूबाईंचे पाय शाळकरी मुलीसारखे लोंबत. पुढचा कांठ मांडीखालीं रुते आणि पायांना मुंग्या येत. त्यांच्या चिरंजीवांनीं एकदां तोच पाट त्यांच्या पायांखालीं सरकवला. “ज्यावर तुझ्या वडिलांना वाढलें, त्यावर पाय ठेवूं होय रे?” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरांत ओट्याशीं उभ्यानेंच जेवूं लागल्या. कोणी आग्रह केला तर म्हणत, “मला सवय आहे.” घरांतलें वडीलधारें माणूस उभ्यानें जेवतें आणि आपण टेबलाशीं बसून जेवतों, ही गोष्ट रोज घशाखालीं उतरत नाहीं.

जवळच्या खेड्यांत एक वृद्ध कारागीर दर शनिवारीं चारपांच जणांना हें काम शिकवितात. त्यांनीं मजपुढें एल्मची दोन इंच जाडीची फळी टाकली. आपला वावळा याच कुळांतला. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून कडेजवळ भोंक पाडून त्यांत पाय ठोकून बसविला तरी फळी चिरत नाहीं. मात्र १९६० नंतरच्या दशकाअखेर या झाडांवर एक बुरशीचा रोग आला. भुंगेरे तो झाडोझाड नेत. त्यांत ब्रिटनमधील अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष गेले. आज ही फळी शोधून मिळवावी लागते. गुरुजींनीं ती देतांना ज्या तऱ्हेनें हात फिरविला, त्यावरून तें मला न सांगतांच समजलें.

प्रथम खळग्याच्या सर्वांत खोल जागीं, मागच्या बाजूला, गिरमिटानें पाऊण इंच खोलीचीं दोन भोंकें पाडलीं. त्यांचा तळ लागला कीं तेथें थांबावयाचें. मग वाकस. पहिल्या घटकेला जाड ढलप्या उडतात आणि काम भराभर होतेंसें वाटतें. त्यानंतर दोन मुठींची वांकडी सुरी आपल्याकडे ओढीत जावयाची. मग कमानदार तळाचा लहान रंधा. आणि शेवटीं नुसती पोलादी पातळ पट्टी, जिच्याखालून तलम पापुद्रे निघतात. या सर्व हत्यारांना नियम एकच : कडेकडून खळग्याकडे उतरावयाचें. उलट चढणीवर गेलें कीं लाकडाचे तंतू उपटून येतात. पुढें मधोमध खोगिरासारखा उंचवटा राखून दोन्ही मांड्यांना दोन उतार दिले, आणि पुढचा कांठ मीं नेहमींपेक्षां बराच अधिक गोल केला. त्या कांठाशींच तर आमचें भांडण होतें.

शेवटचें काम डोळ्यांचें नव्हे. प्रकाश फसवितो, सावलीमुळें सरळ जागा खोल भासते. गुरुजी डोळे मिटून तळवा फिरवावयास सांगत. पुरणांत डाळीचा कण राहिला आहे कीं नाहीं हें जसें बोटांना कळतें, तसेंच हें.

बरोबर शिकणाऱ्या एका गृहस्थांनीं सुचविलें कीं, बाईंना ओल्या वाळूवर बसवून त्यांचा ठसाच घ्यावा आणि त्याबरहुकूम कोरावें. घरीं हें सांगतांच सासूबाई उद्गारल्या, “मी काय गणपतीचा सांचा आहें?” गुरुजींनाहि ती कल्पना रुचली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ठशांत बसवलेला माणूस पहिलीं दहा मिनिटें सुखावतो आणि मग अडकतो. बसणें म्हणजे सतत थोडें थोडें सरकणें. खळगा अंगाहून रुंद आणि उथळ हवा. बसणाऱ्याला डावीउजवीकडे कलतां आलें पाहिजे, पुढें येतां आलें पाहिजे, मागें रेलतां आलें पाहिजे. विकमच्या बॉटमरला तरी आपल्या फळीवर कोण बसणार हें कोठें माहीत असे? हें ऐकल्यावर मीं खळग्याच्या दोन्ही बगला आणखी बोटभर पसरविल्या.

मग पाय ठोकले, त्यांच्या माथ्यांत तंतूंना आडव्या पाचरी मारल्या, हात टेकून उठतां यावें म्हणून बाजूचे हात बसविले, आणि चारहि पाय तळाशीं कापून बैठक साडेपंधरा इंचांवर आणली. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. तेलाचीं फडकीं मात्र पसरून वाळवावीं लागतात. चुरगळून टाकलीं तर आपोआप पेट घेऊं शकतात.

खुर्ची आम्ही दिवाणखान्यांत खिडकीशीं ठेवली. बाग दिसावी म्हणून. सासूबाई बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकले. कांहीं बोलल्या नाहींत. फक्त पुढचा कांठ बोटांनीं चाचपून पाहिला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं मी बाहेरून आलें तों खिडकीशीं जागा रिकामी. ओट्याजवळ, शेगडीच्या डाव्या अंगाला, त्यांनीं ती ओढत नेऊन ठेवली होती. खळग्याच्या एका बाजूला सरकून, जराशा तिरप्या बसून त्या जेवत होत्या. ताट ओट्यावर नव्हतें, मांडीवर होतें. मला पाहून म्हणाल्या, “आलीस? पाट काढून ठेव बाई कपाटामागून. ताट ठेवायला लागेल.”