पडत्या बाजाराची आज्ञा

राजगुरुनगरला आम्ही जुनी माणसे अजूनही खेडच म्हणतो. गावाचे नाव बदलले, तालुका मात्र खेडच राहिला. हुतात्मा राजगुरूंचा जन्म इथला, 1908 सालचा. त्यांचा वाडा भीमेच्या काठी आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी हा माणूस लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच गावचा मी एक रहिवासी. शेअर बाजार चारशे अंकांनी घसरला की माझ्या घशाखाली आमटी उतरत नाही. मातीचा गुण म्हणतात तो सगळ्यांनाच लागतो असे नाही.

पंचायत समितीत कारकुनी करून 2007 साली मी निवृत्त झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून पासबुकात आयुष्यात प्रथमच सहा आकडे दिसले. या पैशांचे काय करायचे ते आमच्या घरात ठरलेले होते. म्हणजे हिने ठरवलेले होते. मागच्या खोलीचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा. पावसाळ्यात त्या खोलीत एक बादली, दोन पातेली आणि एक जुनी परात मांडावी लागे. कुठले भांडे कुठल्या थेंबाखाली हे तिला तीस वर्षांच्या अनुभवाने पाठ होते.

पण त्या सुमारास सगळे खेड श्रीमंत होत चालल्याची हवा होती. चाकणला कारखाने आले होते, जमिनींना भाव आले होते, आणि एसटी स्टँडासमोरच्या एका गाळ्यात शेअर दलालाचे कार्यालय निघाले होते. भिंतीवर टीव्ही आणि त्यात पळणारे आकडे. सकाळी दहाच्या सुमारास तिथे भजनी मंडळासारखी मंडळी जमत. निवृत्त मास्तर, औषधाचे दुकानवाले, जमीन विकून मोकळे झालेले दोन-तीन बागायतदार. परवापर्यंत ज्याला शेअर म्हणजे रिक्षातली सीट एवढेच ठाऊक होते, तो आज दुसऱ्याला सल्ला देत होता. (त्यातला एक सल्ला मी घेतला.) 8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्सने 21 हजारांचा आकडा ओलांडला आणि दुसऱ्याच दिवशी मी स्लॅबमधले 3 लाख बाजारात ओतले. हिला सांगितले नाही. जूनपर्यंत त्याचे सहा होतील, मग एका खोलीऐवजी दोन खोल्यांवर स्लॅब टाकून तिला चकित करू, असा माझा बेत होता.

बरोबर बारा दिवसांनी, 21 जानेवारीला, बाजार 1,408 अंकांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी तर उघडल्या उघडल्या असा आपटला की नियमाप्रमाणे तासभर व्यवहारच बंद ठेवावे लागले. तो तास मी गाळ्यात काढला. टीव्हीवरचे आकडे थांबले होते. कुणी बोलत नव्हते. दलालाने सगळ्यांना चहा मागवला तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. भाव चढत होते तेव्हा या गृहस्थाने कधी पाणी विचारले नव्हते.

पुढचे वर्षभर मी पडत्या बाजारातला माणूस जवळून पाहिला. आधी तो याला 'करेक्शन' म्हणतो, आणि म्हणताना असा चेहरा करतो की जणू त्याच्याच विनंतीवरून ते झाले. मग तो 'ॲव्हरेज' करतो. म्हणजे शंभराला घेतलेली चूक साठ रुपयांना पुन्हा करतो. आमचे मास्तर तर साठ, चाळीस आणि पंचवीस असे तीनदा ॲव्हरेज करून बसले. पंचवीसनंतर त्यांनी "आपण मुळात लाँग टर्मसाठीच घेतले होते" असे जाहीर केले. "विकले नाहीत तोवर तोटा कसला?" हे वाक्य तर मी रात्री अंथरुणावर जपासारखे म्हणत असे. सकाळी पेपर आला की पहिले पान, क्रिकेट आणि निधनवार्ता एवढेच वाचायचो. बाजाराचे पान दिसू नये म्हणून हिला भाजी निवडायला तेच द्यायचो.

शेजारचे मामा कांदेवाले. चाकणच्या बाजारात त्यांचा जन्म गेला. भाव पडणे म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. फक्त त्यांनाच मी सगळे सांगितले. मामांनी ऐकून घेतले आणि तंबाखू मळत म्हणाले,

"भाऊसाहेब, भाव पडला की मीबी माल बराखीत ठेवतो. पण कांदा सडायला लागला की वास येतो, तवा उचलून द्यायचा. तुमच्या मालाला वासच नाय. मग सडला का नाय, कळायचं कसं?"

मी गप्प राहिलो.

"अन् डोळ्याला पाणी तर आमच्यापेक्षा तुमचाच माल जास्त काढतोय," असे म्हणून ते उठले.

झाले! त्या दिवसापासून मला वास येऊ लागला. मार्च 2009 मध्ये सेन्सेक्स 8,160 पर्यंत उतरला. "काका, अजून पाच हजारांवर जाईल म्हणतात," एवढे दलालाचा पोरगा सहज बोलला, आणि मी पडत्या फळाची आज्ञा घेऊन होते नव्हते ते विकले. हाती आले 95 हजार. त्याच महिन्यात चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. जर्मन लोक आमच्या तालुक्यात पैसे घालत होते आणि तालुक्यातला मी काढून घेत होतो. त्या रात्री मात्र वर्षभराने शांत झोप लागली. ती 18 मेपर्यंत टिकली. निवडणुकीचे निकाल लागले आणि त्या सोमवारी बाजार एका दिवसात दोन हजारांहून अधिक अंकांनी उसळला. उसळतो म्हणूनसुद्धा बाजार बंद करावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

जूनमध्ये पहिला पाऊस आला. ही मागच्या खोलीत भांडी मांडत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुला एक सांगायचंय."

"ते तीन लाखांचंच ना?" परात सरकवत ती म्हणाली. मग उठली आणि पोह्यांच्या डब्यातून पाकिटांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. डीमॅटची पाकिटे. पोस्टमन आणून देत होता आणि ती उघडून, वाचून, ठेवून देत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला रात्र रात्र झोप नव्हती. त्यात मी आणखी काय विचारायचं? स्लॅबचं नाव काढणं तेवढं सोडलं."

वर्षभर मी समजत होतो की ती स्लॅब विसरली, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानत होतो.

95 हजारांत स्लॅब बसत नव्हता. पत्रे नवे घातले, उरले त्यातून म्युच्युअल फंडात महिन्याचा छोटा हप्ता सुरू झाला, तोही हिच्या देखरेखीखाली. खोली आता गळत नाही, पाऊस मोठ्याने वाजतो एवढेच.

23 मार्च 2020. गावात हा हुतात्मा दिन. त्या वर्षी करोनामुळे सगळे घरात. दुपारी टीव्ही लावला तर बाजार पडत होता, संध्याकाळपर्यंत 3,935 अंक गेले; इतकी पडझड तोवर एका दिवसात कधी झाली नव्हती. मला पुन्हा तोच वास आला. आता सगळे फोनवरच विकता येते, म्हणून फोन शोधू लागलो. खिशात नाही, उशीखाली नाही, देवघरात नाही.

"माझा फोन पाहिलास का?"

"आधी आमटी घ्या. गार होतेय."

चौथ्या दिवशी सकाळी पोहे करायचे निघाले, तेव्हा तो तिने डब्यातून काढून दिला.