ऑफ तासाचा हिशेब

काळाचौकी,
मे महिन्याची सुट्टी

प्रिय बाई,


नव्या शिक्षणसेविकेला ‘तयार करा’ म्हणून तुमच्या गळ्यात घातलं, आणि तुम्ही विचारता, यात आपल्याला काय मिळतं? पैसे नाहीत, ऑफ तास मात्र जातो. तरी आपल्यातले कितीतरी जण हे आपणहून करतात. पुण्य म्हणून करतात, असं मला नाही वाटत.

एक कारण रोखठोक आहे. आमच्या शाळेतही एक नव्या बाई आहेत; त्यांच्या पाचवीतली पोरं पुढच्या जूनला सहावीत माझ्याच पुढ्यात बसणार. अपूर्णांक कच्चे राहिले तर घाम माझा निघणार.

दुसरं कारण बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांवरून सुचतं. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या बालशिक्षणासाठी भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९३६ मध्ये इथे दादरला शिशुविहार काढला. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई पन्नाशीपुढच्या, अनुताई पस्तिशीच्या. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवलेलं, पण बालशिक्षणात नवख्या. बोर्डीत नि पुढे कोसबाडला माँटेसरीची महागडी साधनं कुठली मिळायला? बिया, पानं, शिंपले वेचून साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळा आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेली. दादरचं शिकवणं तिथे जसंच्या तसं चालणार नव्हतं. ताराबाईंना हाताखाली माणूस हवं होतंच. पण ‘हे असंच का?’ म्हणणारं कुणी सोबत असल्याचा फायदा त्यांनाही झाला असणार.

मला तरी होतो. सुट्टीआधी माझ्या अपूर्णांकांच्या तासानंतर आमच्या नव्या बाईंनी विचारलं, “छेद समान करायच्या आधी पोळीचं चित्र का पुसलंत?” फळ्यावर जागा हवी म्हणून, असं म्हणणार होते. पण खरं म्हणजे चित्र नसताना पोरं कुठे अडतात ते मला बघायचं असतं. इतकी वर्षं हे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते.

आणि तिसरं कारण वस्ती. इथली पोरं गिरणी कामगारांच्या घरची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर डबा न आणलेलं पोर चारचौघांत न विचारता कसं ओळखायचं, हे बी.एड.ला कुणी शिकवलं नाही. ते स्टाफरूममध्ये जुन्या बायांकडून कळलं. निवृत्तीबरोबर हे घरी नेऊन काय करायचं?

तुमचे नि त्या शिक्षणसेविकेचे ऑफ तास वेगवेगळे ठेवायला सांगा, म्हणजे तिला तुमच्या वर्गात मागे बसता येईल. वेळापत्रक करणाऱ्या सरांना आत्ताच गाठा. जूनमध्ये कोणी ऐकत नाही.

तुमची,
काळाचौकीची बाई