आजोळची तालीम

आडनाव, कुलदैवत, वाड्यातली वाटणी, सगळं आम्हाला वडिलांकडून आलं. फुटबॉलचा संघ तेवढा आईकडून आला. सांगली-साताऱ्याच्या पुष्कळ घरांत असंच असणार, कारण या दोन्ही गावांत आमच्या लहानपणी फुटबॉलवरून भांडायला फारसं कुणी सापडत नसे. साताऱ्यात कबड्डी आणि श्री शिवाजी उदय मंडळ, सांगलीत तरुण भारतचं मैदान, आणि कुस्ती दोन्हीकडे. कवठेपिरानचे मारुती माने, गोळेश्वरचे खाशाबा जाधव ही आमच्या बापमंडळींची दैवतं. फुटबॉल कोल्हापुरात होता, आणि कोल्हापूर म्हणजे आजोळ.

तिघी बहिणी मंगळवार पेठेतल्या. थोरली साताऱ्याला दिली, आमची आई सांगलीला, आणि धाकटी कोल्हापुरातच, पण शिवाजी पेठेत. हा ‘पण’ किती मोठा आहे ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी. मूळच्या लाल मातीच्या, जोर-बैठकांच्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उतरवले. पाटाकडील तालीम मंडळ म्हणजे पीटीएम, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी. तिथं ‘तू कुठल्या संघाचा?’ असं कुणी विचारत नाही. ‘राहतोस कुठं?’ एवढं पुरतं. मंगळवारातला असलास तर पाटाकडील, शिवाजी पेठेतला असलास तर बहुधा खंडोबा नाहीतर शिवाजी. आम्ही कुठंच राहत नव्हतो, म्हणून आईची पेठ ती आमची पेठ.

तिथला हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे लीग संपून चषकांच्या स्पर्धा रंगात याव्यात आणि आमच्या शाळांना सुट्टी लागावी. साताऱ्याची मंडळी एसटीनं कंदी पेढे घेऊन यायची, आम्ही मिरजेहून पॅसेंजरनं भडंगाचे डबे घेऊन. जयसिंगपूर, हातकणंगले जाईपर्यंत आम्ही शहाण्यासारखे बसायचो. रुकडी आली की यंदा गोलीत कोण, पुढे कोण, यावरून जुंपायची.

मामा आम्हाला शाहू स्टेडियमला न्यायचा. गॅलरीच्या पायऱ्या दुपारभर तापलेल्या. खाली वर्तमानपत्र, डोक्यावर ओला रुमाल. ओरडण्याचे नियम मामाचे. समोरच्या खेळाडूला नावं ठेवायची नाहीत, कारण त्याची आई भाजी आणायला आपल्याच मंडईत येते. रेफरीच्या बाबतीत पूर्ण मोकळीक. मामाचे नियम सगळी गॅलरी पाळायची असं मुळीच नाही. हुल्लडबाजीनं सामने थांबलेले आहेत, आणि त्याला ‘आमच्या पेठेची ईर्ष्या’ म्हणून मिरवणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा.

खरी गंमत धाकट्या मावशीच्या घरी. काका खंडोबाचे, पोरं खंडोबाची, मावशी पाटाकडीलची. पीटीएम-खंडोबा सामना असला की त्या घरात सकाळपासून भांडी जोरात वाजायची. पीटीएम जिंकली की मावशी रात्री शिरा करायची आणि काका ताटावरून उठायचे. एकदा सासूबाईंनी तिला सुनावलं, की बाई, आता या पेठेची झालीस. मावशी म्हणाली, “आडनाव बदललं, पेठ बदलली. आता तालीम बी बदलू व्हय?”

साताऱ्याचा दादा तेवढा फितूर निघाला. त्यांचं कुलदैवत पालीचा खंडोबा. घरी जागरण-गोंधळ व्हायचे. पहिल्याच सुट्टीत गॅलरीत ‘खंडोबा’चा जयघोष कानी पडला आणि त्यानं हात जोडले. देवाच्या विरुद्ध ओरडायला तो कधीच तयार झाला नाही. थोरल्या मावशीला याचं फार वाईट वाटायचं. काकांकडची मंडळी त्याच्याकडे दत्तक घेतल्यासारखी बघायची आणि मुद्दाम त्याला आपल्यात बसवायची.

सुट्टी संपली की मामाचं पोस्टकार्ड. सर्व क्षेम, म्हैस व्याली, आक्काचे गुडघे दुखतात, आणि पत्त्याच्या बाजूला तिरक्या अक्षरात सामन्याचा निकाल. टायब्रेकरला गेलेला असला तर कुणी पेनल्टी दवडली तेही. पोस्टमन ते आधीच वाचून यायचा आणि दारातूनच सांगायचा.

वडिलांच्या लेखी हे सगळं सासुरवाडीचं खूळ होतं. ते मोडलं जून १९८६ मध्ये. मेक्सिकोचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला, नाहीतर पहाटे साडेतीनला. अर्जेंटिना-इंग्लंड सामन्याला शेजारच्यांच्या टीव्हीपुढे अख्खा वाडा जमलेला. मॅराडोनानं हातानं गोल केला तेव्हा वडील म्हणाले, “पंच झोपलाय.” चारच मिनिटांनी तो मैदानाच्या आपल्या बाजूला चेंडू घेऊन वळला आणि इंग्रजांना एकामागून एक चुकवत गोलपर्यंत गेला. वडील पुढे सरकून प्रत्येक चकव्याला कुस्तीतल्या डावांची नावं देत होते: ढाक, बगलडूब, कलाजंग! डाव बरोबर होते का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. अर्जेंटिना आमच्या घरात अशी वडिलांकडून आली. १८ डिसेंबर २०२२ ला मेस्सीनं चषक उचलला तेव्हा दादानं साताऱ्याहून फोन करून म्हटलं, “आज काकांनी कुठला डाव सांगितला असता रे?”

कोलकात्यातही संघ असाच घरातून येतो म्हणतात. पूर्व बंगालातून आलेल्यांचा ईस्ट बंगाल, तिथल्या जुन्या घरांचा मोहन बागान. २०१४ मध्ये पुण्याला एफसी पुणे सिटी नावाचा संघ निघाला. आमच्यातले निम्मे तोवर नोकरीनिमित्त पुण्यात. बालेवाडीला जाऊनही आले, पण कुणाचा जीव बसला नाही. त्या संघात कुणाची मावशी नव्हती. २०१९ मध्ये तो बंद झाला तेव्हा घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. उलट ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव दिल्लीत भारताकडून उतरला, तेव्हा पीटीएम आणि खंडोबा दोन्ही घरांनी एकाच टीव्हीपुढे बसून सामना पाहिला. आपण ०-३ हरलो. काका त्या दिवशी ताटावरून उठले नाहीत.

आता पुढची पिढी. पुण्यातली भाची आर्सेनलची. कशी, तर मोबाइलवर बघून, स्वतःच्या मनानं. कोल्हापुराशी, आईशी, कशाशी संबंध नाही. मला हे जरा पोरकं वाटतं. गेल्या दिवाळीत तिनं लाल जर्सी घालून धाकट्या मावशीला नमस्कार केला. मावशीनं विचारलं, “ही कुठली पेठ?”

“उत्तर लंडन, मावशीआजी. पण मूळची तिथली नाही. आधी नदीच्या दक्षिणेला होती, १९१३ मध्ये उत्तरेला आली.”

“नांदायला आली म्हण की,” मावशी म्हणाली. “शेजार कसा?”

“वाईट. टॉटेनहॅम.”