बाटलीवरचा रंग

बाटलीवर चिकटवलेला कागद चार दिवसांत भिजून निघतो. रंगानं छापलेलं नाव मात्र निघत नाही. तो रंग म्हणजे काचेचीच पूड. छापल्यावर भट्टीत भाजून काचेत मुरवलेली. राखेनं घासा, सोड्यानं धुवा, अक्षर जागचं हलत नाही. म्हणून जुन्या बाटलीचं वय विचारायचं तर आधी रंगाला विचारावं. गोटी सोड्याची गोष्ट निराळी. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ च्या सुमारास काढलेली ती घडण शंभर वर्षांनीही तशीच, तिच्यावरून काय ओळखणार!

आमच्या स्टँडावरच्या दुकानाच्या माळ्यावर बाटल्यांचे दोन लाकडी क्रेट निघाले, तेव्हा थोरल्या काकांचा मुलगा भंगारवाल्याला हाक मारायला निघाला होता. मी थांबवलं. त्याच आठवड्यात आत्याला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं. आत्याचं म्हणणं एकच, "माझ्या पाटल्या मोडून दुकान उभं केलं, तेवढं कागदात ल्ह्या." चुलतभाऊ म्हणे, दुकान निघालंच मुळी तिच्या लग्नानंतर. लग्न १९७८ च्या वैशाखातलं, एवढं दोघांनाही मान्य. दुकान कधी निघालं याचा कागद नाही. अण्णा आणि काका, दोघेही गेलेले.

एका क्रेटमध्ये थम्स अप आणि गोल्ड स्पॉट. थम्स अप आलं १९७७ मध्ये; त्याआधीची ती बाटली असूच शकत नाही, पण नंतरची कितीही असेल. भरायची, प्यायची, धुवायची, पुन्हा भरायची, अशा त्या बाटल्या वर्षानुवर्षं फिरायच्या. शेजारणींना घासून पोटाशी पांढरं कडं पडतं. ते जितकं रुंद तितक्या फेऱ्या जास्त. रंगावरून बाटलीचा जन्म कळतो, पुढचं आयुष्य नाही.

दुसऱ्या क्रेटमध्ये अकरा बाटल्या कोका-कोलाच्या. इथे हिशेब उलटा. जनता सरकारनं विदेशी वाटा ४० टक्क्यांवर आणायचा आग्रह धरला आणि १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेलं. परत आलं ते १९९३ मध्ये. आमचं दुकान त्याच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं. म्हणजे या बाटल्या इथे फोडल्या गेल्या त्या फार तर १९७७ सरेपर्यंत. आत्या तेव्हा माहेरीच होती.

भाऊ हुशार. म्हणाला, "रिकाम्या कुठनं तरी आणल्या असतील." एखादी असती तर मीही मानलं असतं. अकरा, त्याही एकाच क्रेटमध्ये, आणि फळीवर तापल्या सळईनं डागलेली अण्णांच्या वळणाची अक्षरं? तो गप्प राहिला. पाटल्यांबद्दल बाटली काही सांगत नाही, हे मीच त्याला आपणहून सांगितलं. पण दुकान लग्नानंतरचं, एवढा एकच तर त्याचा मुद्दा होता.

शेवटी वकिलांनी मजकुरात दोन ओळी वाढवल्या. आत्या आली, बसली. टेबलावरची बाटली उचलून तिनं तोंडाशी वास घेतला.

"ह्याच्यात घासलेट आणायचो आम्ही. बूच कधी धड बसलं न्हाई, बघ."

मग पदरानं चष्मा पुसला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.