ओरखडा किती खोल?

वाचकहो, नव्या गाडीवर उमटलेला पहिला ओरखडा आपण पाहिला आहे काय? घराच्या भिंतीचा पोपडा उडाला, पेटीचा कोपरा झिजला, तर माणूस महिनोन्‌महिने स्वस्थ बसतो; परंतु गाडीच्या पत्र्यावर वीतभर रेघ दिसली की घरातील सारी मंडळी तिच्याभोवती जमतात आणि रेघ तपासण्याऐवजी अपराध्याचा शोध सुरू होतो. मला सांगावयाचे आहे ते रेघ तपासण्याविषयीच.

रायपूरचा बूढापारा हा बूढा तलावाच्या काठचा जुना भाग. तलावाला आता विवेकानंद सरोवर असे नाव आहे. स्वामीजी, म्हणजे त्या वेळचे बाल नरेंद्रनाथ, १८७७ साली वडिलांकडे रायपुरास येऊन राहिले होते, त्याची ती आठवण. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसांचे छत्तीसगडात येणेजाणे आहे, आणि आमच्या घराण्यासारखी काही घरे येथलीच होऊन गेली आहेत. गल्ल्या मात्र जुन्या काळच्या. ज्यांनी त्या आखल्या त्यांच्या ध्यानीमनी बैलगाडी होती, पिकअप ट्रक नव्हता.

माझ्या पुतण्याचा मांडवाच्या सामानाचा धंदा आहे. बांबू, लोखंडी नळ्या, खुर्च्या आणि स्वयंपाकाची मोठी पातेली वाहण्यासाठी त्याने कर्ज काढून पांढऱ्या रंगाचा पिकअप घेतला. हप्ते अजून चालू आहेत. वैशाखातील एका लग्नाचे सामान उतरवीत असताना नव्याने कामास लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातून नळी सुटली आणि चालकाच्या दारामागे दीड हात लांबीचा चरा पडला. गॅरेजवाल्याने ती सबंध बाजू रंगविण्याचा जो आकडा सांगितला, तो त्या मुलाच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास जात होता.

"काका, पगारातून कापतो," पुतण्या म्हणाला, "म्हणजे पुढच्या वेळी हात जपून चालेल."

"कापायचे की नाही ते मागाहून ठरव," मी म्हटले, "आधी किती खोल गेले आहे ते तर पाहू."

माझी सारी नोकरी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेली. तेथे रंगाला आम्ही कधी शोभेची वस्तू मानले नाही. रंग म्हणजे लोखंडाचे पांघरूण. ते फाटले आहे की नुसते चुरगळले आहे, एवढाच प्रश्न.

गाडीच्या पत्र्यावरील सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनांचे असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. एवढ्या जागेत कारखान्याने किती गोष्टी बसविलेल्या असतात पाहा. पत्र्याला लागून फॉस्फेटचा अतिशय पातळ थर, त्यावर रसायनाच्या कुंडात बुडवून विजेच्या प्रवाहाने चढविलेले अस्तर, मग रंग, आणि पुष्कळ गाड्यांवर सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. फॉस्फेटवरून एक गंमत आठवते. दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभ सोळाशे वर्षे गंजला नाही, त्याचे कारण शोधताना कानपूरच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांना त्या लोखंडात भरपूर फॉस्फरस आणि पृष्ठभागावर त्यापासून झालेला संरक्षक पापुद्रा आढळला. आजच्या कारखान्यात जे मुद्दाम करतात, ते तेथे त्या लोखंडाच्या अंगीच होते.

तर, ओरखड्याची परीक्षा. प्रथम ती जागा साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी, कारण निम्मे ओरखडे हे ओरखडे नसून दुसऱ्या वस्तूचा लागलेला रंग असतो. मग पाण्याचा हात फिरवावा. ओल्या अंगाने रेघ दिसेनाशी झाली, तर घाव वरच्या थरातच आहे. कोरडी झाल्यावर नख आडवे ओढून पाहावे. नख अडखळले नाही, तर रबिंग कंपाउंड आणि मऊ फडके यांनी काम भागते. हे कंपाउंड खड्डा भरत नाही. खड्ड्याच्या काठांना घासून त्याच्या पातळीवर आणते. म्हणून ते जपून वापरावे. घासण्याजोगा थर मुळातच थोडा असतो. टूथपेस्टचा घरगुती उपाय पुष्कळजण सांगतात; तोही सौम्य घासण्याचाच प्रकार आहे. खोबरेल तेल चोळल्याने ओरखडा नाहीसा होतो हे मात्र पहिल्या धुण्यापर्यंतच खरे!

नख अडखळले, तर तळाशी कोणता रंग दिसतो ते पाहावे. करडा दिसला तर अस्तर शाबूत आहे. चकचकीत धातू किंवा तपकिरी रेघ दिसली तर लोखंड उघडे पडले आहे, आणि येथे दिरंगाई उपयोगाची नाही. गंज हा मूळच्या लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो रंगाखाली शिरला की शेजारचा धडधाकट रंगही फुगवून उचलतो, आणि रेघेचे पुढे भोक होते. आमच्या शहरास याची विशेष धास्ती बाळगावी लागते. पावसाळ्याचे चार महिने हवा ओली; आणि सिलतरा-उरला भागातील लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ रायपूरकरांच्या गच्च्यांवर बसते, ती गाड्यांनाही सोडत नाही. तीतील लोहकण ओलाव्याने रंगावरच गंजतात. पांढऱ्या गाडीवर दिसणारे बारीक तांबूस ठिपके पुष्कळदा त्यांचेच असतात.

आमच्या चऱ्याचा दीड हातांपैकी हातभर भाग वरवरचा निघाला. टोकाशी मात्र, जेथे नळीचे तोंड रुतले होते, तेथे वीतभर पत्रा उघडा पडला होता. म्हणजे सबंध बाजू रंगविण्याचे कारण नव्हते आणि तसेच सोडून देण्याचेही नव्हते. काम त्या मुलानेच करावे, मी शेजारी बसावे, असे ठरले.

सकाळी सातला आरंभ केला. वैशाखात दहानंतर पत्र्याला हात लावून पाहा, म्हणजे सकाळ का निवडली ते कळेल. तापलेल्या पत्र्यावर थिनर रंग पसरण्याआधीच उडून जातो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. मुलाने ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गंजाचा शेवटचा डाग जाईपर्यंत घासले आणि रंगाचे काठ इतके उतरते केले की डोळे मिटून बोट फिरविले तर पायरी लागू नये. यात दीड तास गेला. त्याला वाटले, काम पुढेच सरकत नाही. मला वाटते, खरे काम हेच. गंजावर लांबी भरून वर झकास रंग मारलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एक पावसाळा त्या छान दिसतात.

मग कागद आणि चिकटपट्टीने भोवताल झाकून प्रायमरचे अस्तर दिले, वाळल्यावर बारीक पेपरने सारखे केले, आणि रंगाचे तीन पातळ हात दिले. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. एकच जाड हात ओघळतो. रंगाचा सांकेतिक क्रमांक गाडीवरील पट्टीवर असतो, तो सांगितला की दुकानदार रंग जुळवून देतो. तरी उन्हाने जुना रंग किंचित उतरलेला असतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून शेजारी धरून पाहावे. पांढरा सोपा. चंदेरी रंगातील धातूचे कण हाताच्या प्रत्येक फेरीबरोबर निराळे बसतात, म्हणून तेथे घरगुती कारागिरी लपत नाही.

रायपूरच्या गॅरेजांत म्हातारे कारागीर या साऱ्या कामाला अजूनही 'ड्यूको' म्हणतात. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९२३ साली काढलेल्या रंगाचे ते नाव. त्यापूर्वी मोटारीचा रंग वाळण्यास आठवडे लागत; ड्यूको काही तासांत वाळे. तो रंग मागे पडला, नाव राहिले.

घरी हे काम करू इच्छिणाऱ्यांना मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. हार्डनर मिसळून मारावयाचे जे दोन डब्यांचे रंग असतात, त्यांत बहुधा आयसोसायनेट असते; त्याची फवारणी श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधल्याने त्यापासून रक्षण होत नाही. ते काम योग्य साधने असलेल्या कारखान्यातच द्यावे. आम्ही एका डब्याचा साधा रंग वापरला, आणि तोही गल्लीत न मारता गोदामाच्या मोकळ्या आवारात, जमिनीवर पाणी शिंपून धूळ बसविल्यानंतर. मुलांना तिकडे फिरकू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेला हातभर भाग मुलाने कंपाउंडने एकट्याने उजळला. फाळक्यावर सामानाच्या चढउताराने पडलेले डझनभर ओरखडे आहेत. त्यांनाही तो लागणार होता, पण मी अडविले. नखाला ते अडखळत नाहीत, आणि राबणाऱ्या गाडीचा फाळका आरशासारखा कशाला हवा?

पाऊस येऊन गेला. दारामागे उन्हात नीट पाहिले तर वीतभर जागा शेजारच्या रंगाहून किंचित अधिक पांढरी दिसते. फुगवटा कोठेही नाही. पगारातून काय कापले, हे मी पुतण्याला विचारले नाही. परंतु हिशेबाची वही एकदा माझ्यासमोर उघडी होती, तेव्हा प्रायमर, कागद आणि रंग यांचा खर्च 'गाडी दुरुस्ती' या सदराखाली लिहिलेला दिसला. मुलाच्या नावावर नव्हे.